डायरीत सगळं लिहिलं होतं

“किती दिवसांपासून हे सुरू आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

मुक्ताच्या बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर यंत्रात आकडा आलाच नव्हता. नुसतं ‘हाय’ आलं होतं. साखर इतकी वाढलेली की या मशीनला मोजता येत नाही, असं नर्सने सांगितलं. माझी दहा वर्षांची मुलगी खाटेवर धापा टाकत होती. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले.

“टाइप वन डायबिटीस. आणि ती डीकेएमध्ये गेली आहे,” डॉक्टर म्हणाले. डीकेए म्हणजे डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस. शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, म्हणून साखर रक्तातच फिरत राहते आणि पेशी उपाशी राहतात. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून रक्तात आम्ल साठतं. उशीर झाला तर मूल हातचं जातं.

किती दिवसांपासून, याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी पिशवीतून डायरी काढली. सकाळी मुक्ताला उलट्या सुरू झाल्यावर घरातून निघताना मी पाण्याची बाटली विसरलो होतो, पण डायरी घेतली होती.

डायरीची गोष्ट सांगतो. आमच्या घटस्फोटाला तीन वर्षं झाली. मुक्ता तिच्या आईकडे, वैशालीकडे, धरमपेठेत राहते. माझ्याकडे दर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी येते आणि रविवारी संध्याकाळी परत जाते. गेल्या वर्षी मी तिचा ताबा मागायला कोर्टात अर्ज केला. वकिलांनी सांगितलं, पोरगी आली की सगळं लिहून ठेवा. काय खाल्लं, काय बोलली, कशी दिसते. आईचं दुर्लक्ष दिसलं पाहिजे.

मला हे काम जमण्यासारखंच होतं. मी बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. तागा उजेडावर धरायचा, दोष दिसला की खूण करायची, वहीत नोंदवायचा आणि पुढे ढकलायचा. दुरुस्त करणं माझ्याकडे नाही. वीस वर्षं हेच करतो आहे. मुलीचंही तेच केलं.

डॉक्टर उभ्याउभ्याच वाचत होते. मलाही दिसत होतं. ‘मुक्ता बारीक झाली, फ्रॉक खांद्यावरून उतरतो. तिकडे खायला घालत नाहीत.’ ‘सारखं पाणी मागते. तिकडे कूलर बंद असावा.’ ‘अंथरूण ओलं केलं. घरात ताण आहे.’ शेवटची नोंद आदल्या दिवशीची. ‘तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. दात घासून घेत नाहीत.’

तो वास किटोन्सचा असतो. चरबी जळून जे रक्तात साठतं ते किटोन्स. हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी डायरी मिटली. आवाज चढवला नाही. “तुम्हाला सगळं दिसत होतं. पुस्तकात लक्षणं लिहितात तशी लिहिली आहेत तुम्ही. मग आणलं का नाही?”

मी म्हटलं, उन्हाळा आहे साहेब, वाटलं तहान लागतच असेल. हे खोटं होतं. उन्हाळ्यामुळे वाटलं असतं तर लिहिलं कशाला असतं? अंथरुणाची नोंद वाचून वकील खूश झाले होते, “हे चांगलं आहे” म्हणाले होते, आणि मलाही बरं वाटलं होतं. पोरीचं अंथरूण ओलं झाल्याचं मला बरं वाटलं होतं. ही गोष्ट मी आजवर कोणापाशी बोललो नव्हतो.

मुक्ताला पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात नेलं. सलाईन, इन्सुलिनचा ड्रिप, दर तासाला बोटाला टोचणी. साखर घाईने उतरवली तर मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून सगळं सावकाश. पहिला दिवस फार नाजूक, एवढंच सांगितलं.

हॉस्पिटलातून कळवल्यावर तासाभरात वैशाली आली. बाहेर स्टीलच्या खुर्च्या होत्या. ती एक खुर्ची सोडून बसली. म्हणाली, “तुमच्याकडून आली की पोरगी अशी मलूल व्हायची. मले वाटे, तुम्ही उसाचा रस, आइस्क्रीम चारून तिचं पोट बिघडवता.”

मी रस पाजत होतो हे खरं होतं. तहान तहान करायची म्हणून कालच रसवंतीवर दोन ग्लास पाजले होते. बाबा लाड करतो हे तिला आठवावं म्हणून.

मी डायरी तिच्या हातात दिली. का दिली, नीट सांगता येणार नाही. तिने सगळी वाचली आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून दिली. “एक फोन नाही करता आला तुम्हाले? भांडाले तर करत होते.”

वैशाली रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्ताने डोळे उघडून पाणी मागितलं. महिनाभर तिने पाणी मागितलं की मी पेन शोधायचो. त्या दिवशी मी सिस्टरला विचारून चमच्याने तिच्या तोंडात पाणी घातलं.

तिसऱ्या दिवशी तिला वॉर्डात हलवलं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. “आजार कोणामुळे झालेला नाही. रसामुळे नाही, ताणामुळे नाही. शरीरच आपल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं. उशीर मात्र तुमचा आहे, दोघांचा.” मग म्हणाले, “रोज चार इंजेक्शनं, आयुष्यभर. दोघांना देता आल्याशिवाय सुट्टी नाही.”

सिस्टरने मोसंबीवर सुई धरायला शिकवलं. वैशालीला दोनदा सांगून जमलं. मला पाच मोसंब्या लागल्या. मुक्ता खाटेवरून बघत होती. “बाबा, अशी काहून धरता? ती मोसंबी पळून नाही राहिली,” म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा ती हसली होती.

तुमच्या घरात मूल सारखं पाणी पीत असेल, सारखं लघवीला जात असेल, सुकत चाललं असेल तर कारण शोधत बसू नका. ऊन आहे, परीक्षा आहे, तिकडचे नीट बघत नाहीत, काही ठरवू नका. बोटाला टोचून साखर तपासायला एक मिनिट लागतं. मला ते एक मिनिट महिनाभर सापडलं नाही.

अर्ज मी मागे घेतला. त्याला मोठेपणा म्हणू नका. ती डायरी आता कोणत्या तोंडाने कोर्टात दाखवणार होतो? माझं मुक्तावर प्रेम आहे की तिच्या आईवर राग आहे, हे वर्षभर मी स्वतःला विचारलं नव्हतं. आता रोज विचारतो. उत्तर रोज चांगलंच येतं असं नाही. त्या डॉक्टरांचे मात्र उपकार आहेत, मुलगी वाचवल्याचे आणि माझी चूक मला तोंडावर सांगितल्याचेही.

सुट्टीनंतरच्या माझ्या पहिल्या शनिवारी मुक्ता माझ्याकडे आली. साखरेचे आकडे लिहायला मी त्याच डायरीची मागची पानं घेतली होती. नवी वही आणायचं सुचलं नाही. मी तिच्या जेवणाचं बघत होतो तेवढ्यात तिने डायरी उलटून पुढची पानं वाचली.

“बाबा, हे सगळं तुम्हाले दिसून राहिलं होतं?”

“हो.”

“मंग मले काहून नाही विचारलं? मले खूप बेकार वाटे. गादी ओली झाली त्या दिवशी तुम्ही काहीच बोलले नाही. मले वाटलं तुम्ही रागावले.”

दोन वाक्यं सुचली, दोन्ही वकिलासारखी होती. मी म्हटलं, “चुकलं माझं.”

तिने स्वतःच बोटाला टोचलं, पट्टीवर थेंब धरला. एकशे चौसष्ट. मी पेन उचललं. तिने पानावर हात ठेवला.

“आधी विचारा.”

“कसं वाटून राहिलं वं?”

ती थोडा विचार करून म्हणाली, “भूक लागली. आणि आईची आठवण येऊन राहिली.”

मी पेन खाली ठेवलं आणि वैशालीला फोन लावला.