निळ्या खुणा

आमच्या घरात लिहिणारा मीच पहिला, तेव्हा चुकलं तर समजून घ्या. एक व्हिडिओ बघून गावाने एका घोंगडीवाल्याला मुलं पळवणारा म्हणून धरलं, हे मला शहरात गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. कॉलेजात मॅडमनी शिकवलं तसं व्हिडिओचं मूळ शोधून मी लिहिलं, ‘व्हिडिओ जुना आहे, परदेशातला आहे. त्याला सोडा.’ खाली निळ्या खुणा उमटल्या. सगळ्यांनी वाचलं होतं. चुलतभावाने तेवढं उत्तर दिलं, ‘आला मोठा कॉलेजवाला!’ मी खुणांकडे बघत राहिलो. डोळ्यांनी वाचलेलं मनापर्यंत कधी पोचत असेल?

तासाभराने ताईचा फोन आला. अण्णांना, म्हणजे वडिलांना, अक्षर येत नाही, म्हणून तिने माझा मेसेज त्यांना वाचून दाखवला होता.

“अण्णा त्या घोंगडीवाल्याशेजारी जाऊन बसले रे. म्हणाले, आधी मला मारा. आता दोघं आपल्या ओट्यावर जेवतायत.”