अकरा नंबरच्या खुर्चीवरची परीक्षार्थी

हौसेने परीक्षा देणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. बाकीचे सगळे, मला धरून, परीक्षा देतात त्या नोकरीसाठी, प्रवेशासाठी, आईबापांच्या समाधानासाठी, नाहीतर लग्न एक वर्ष पुढे ढकलावं म्हणून. रत्नागिरीतल्या आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत अकरा नंबरच्या खुर्चीवर बसणाऱ्या ताई मात्र नुसती परीक्षा द्यायच्या. पंचेचाळीशी ओलांडलेली, एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर कारकुनी करणारी ही बाई संध्याकाळी बरोब्बर सहाला यायची, चपला भिंतीला समांतर काढून ठेवायची, पिशवीतून एक जाडजूड गणिताचं पुस्तक काढायची आणि आठपर्यंत मान वर करायची नाही. एमबीएला प्रवेश देणाऱ्या मोठमोठ्या संस्थांची जी एक सामाईक परीक्षा असते, ती ताईंनी बावीस वर्षं न चुकता दिली होती. प्रवेश मात्र एकदाही घेतला नव्हता. घेतला नव्हता म्हणजे मागितलाच नव्हता. आपले गुण कुठल्या संस्थांना कळवायचे याच्या चौकटी फॉर्ममध्ये असतात, ताई त्या दर वर्षी कोऱ्या सोडत.

अभ्यासिकेत आम्ही तीसेक जण होतो. बहुतेक स्पर्धा परीक्षांचे, एमबीएची मी एकटीच. पहिले दोन महिने ताई माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. एका संध्याकाळी मी नळ आणि टाकीच्या गणितात पाऊण तास अडकून रडवेली झाले होते. अचानक माझ्या वहीवर एक बोट आलं. "प्रश्न वाच गो. त्याच्या अंगावर धावून जाऊ नकोस." मी वाचला. "आता परत वाच." परत वाचला. टाकी अर्धी भरलेली होती, हे मला तेव्हा दिसलं. "बघ," ताई म्हणाल्या, "तू सुरुवातीपासून रिकामी समजून बसली होतीस," आणि आपल्या खुर्चीवर परत गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले. मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

त्यांच्या डोक्यात गणित शिरलं होतं असं म्हणणं चुकीचं होईल, त्या स्वतःच गणितात राहायला गेल्या होत्या. एकदा आम्ही एसटीने पावस गावाला गेलो. जाताना गाडी भरधाव गेली, येताना ड्रायव्हर जांभया देत होता. कंडक्टर सहज म्हणाला, "जाताना चाळीसनं नेली, येताना चोवीसनं आणतोय, म्हणजे सरासरी बत्तीस पडली." झालं. "तीस!" ताई म्हणाल्या. कंडक्टर म्हणाला, "चाळीस आणि चोवीस चौसष्ट, निम्मे बत्तीस." ताई म्हणाल्या, "अहो, हळू चालवलीत तेव्हा वेळ जास्त लागला ना? मग त्या चोवीसचं वजन जास्त!" भाट्याचा पूल येईपर्यंत त्यांनी तिकिटाच्या पाठीवर त्याला सोडवून दाखवलं. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी तेच तिकीट मागून घेऊन खिशात ठेवलं. कंडक्टरने मात्र आम्हाला उतरताना हात जोडले.

ताईंच्या भाचीच्या लग्नात गोल टेबलावर आठ जणांची जेवायची सोय होती आणि त्यांच्या दोन वहिन्यांचं एकमेकींशी बरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताई मला कळवळून सांगत होत्या, "अगो, त्या दोघी शेजारी येणार नाहीत अशा तीन हजार सहाशे तऱ्हांनी बसता येत होतं. तीन हजार सहाशे! आणि बसल्या त्या नेमक्या शेजारी." मग त्यांचं भांडण झालं का, हे मी विचारलं. ते ताईंना माहीत नव्हतं. त्या आकडेमोड करत होत्या.

दोन मिनिटांचा त्यांचा एक नियम होता. दोन मिनिटांत सुटला नाही तर प्रश्न सोडायचा आणि पुढे जायचं. परीक्षेत हे शहाणपणाचं असेल, पण ताई माणसांनाही तोच नियम लावत. शेजारीण नवऱ्याच्या पित्ताशयाची हकीकत सांगायला लागली आणि दोन मिनिटांत शस्त्रक्रियेपर्यंत पोचली नाही की ताई "बरं, येते हं" म्हणून चालू पडत. त्यामुळे आळीत त्यांना शिष्ट म्हणत. लग्नाचंही त्यांनी मला असंच एकदा सांगितलं. "दोन स्थळं आली होती. उत्तर येत नव्हतं, सोडून दिली. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, सोडलेल्याला कापत नाहीत." मग पेन्सिलीला टोक करत म्हणाल्या, "मिळतही नाहीत म्हणा."

त्या वर्षी आमचं केंद्र कोल्हापूरला आलं. पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. ताईंनी नवी साडी नेसली होती आणि डब्यात घावन घेतले होते. केंद्राच्या फाटकावरच्या रखवालदाराने मला आत सोडलं आणि ताईंपुढे हात आडवा धरला. "पालकांनी बाहेर थांबायचं, मावशी. झाडाखाली सावली आहे." ताईंनी शांतपणे पिशवीतून प्रवेशपत्र काढलं. त्याने फोटो पाहिला, ताईंना पाहिलं, परत फोटो पाहिला. "तुम्ही देणार?" "होय तर." "आणि ही?" "हीसुद्धा देणारे, पण तिची भूमिती कच्ची आहे." रखवालदार हसला आणि त्याने चक्क फाटक पूर्ण उघडलं.

परतीच्या गाडीत मी धीर करून विचारलं, "ताई, प्रवेश घ्यायचा नाही तर कशाला देता?" आंबा घाट लागला होता. त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मला वाटलं, हा प्रश्नही सोडला. मग म्हणाल्या, "कचेरीत लोक मला काय विचारतात? सही कुठे करू, शिक्का कुठे मिळेल. घरी तर विचारायला कोणीच नाही. दादा मुंबईहून मे महिन्यात येतो तो, आंबे पिकले का, विचारतो. वर्षातनं एकदा कोणीतरी मला समोर बसवून धडाधड प्रश्न विचारतं. मी उत्तर दिलं की नीट नोंदवून घेतं. चुकलं तर चुकलं म्हणतं. बरं वाटतं गो."

यानंतर मी जे केलं ते प्रेमापोटी केलं असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. कोल्हापूरच्या त्या परीक्षेत माझं बिनसलं होतं, म्हणून पुढच्या वर्षी मी पुन्हा बसले. नेहमीचं सायबर कॅफे बंद पडल्यामुळे ताईंचाही फॉर्म मीच माझ्या लॅपटॉपवर भरला. त्या सांगत होत्या, मी भरत होते. संस्थांच्या चौकटी आल्या तेव्हा त्या पाणी प्यायला उठल्या होत्या. मी पुण्याच्या एका संस्थेपुढे खूण केली. ईमेलच्या जागी माझाच पत्ता घातला. निकाल लागला. गणितात ताईंचे गुण असे होते की अभ्यासिकेच्या फळ्यावर लावावेत. आणि एका सकाळी त्यांच्या नावाचं मुलाखतीचं बोलावणं माझ्या ईमेलवर आलं.

मी नाचत वाचनालयात गेले. ताईंनी ते वाचलं, फोन माझ्या हातात परत दिला आणि तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "मुलाखतीला साडी चालेल ना?"

त्या एकट्याच गेल्या. रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'वैयक्तिक'. बावीस वर्षांत त्यांनी त्या कारणासाठी कधी रजा घेतली नव्हती, म्हणून साहेबांनी दोनदा विचारलं, सगळं बरं आहे ना. परत आल्या तेव्हा मी वाचनालयाच्या पायरीवर वाट पाहत उभी होते.

"काय विचारलं ताई?"

"एक गणित विचारलं. सोपं होतं. मग म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही काय केलंत?"

"मग?"

"मी म्हटलं, आवक-जावक. हसले गो ते. वाईट नाही हसले. मला पण हसू आलं."

उत्तर महिन्याने आलं, तेही माझ्याच ईमेलवर. मी ते दोन दिवस उघडून बंद करत राहिले. शेवटी अकरा नंबरच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. ताईंनी माझा चेहरा पाहिला आणि हात पुढे केला. तीन ओळी होत्या. निवड करता येत नसल्याबद्दल खेद होता, पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा होत्या. ताईंनी त्या तीन ओळी सावकाश वाचल्या, मी त्यांच्याकडूनच शिकले होते तशा, दोनदा. "भाषा चांगली आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे इतकं नीट लिहीत नाहीत." आणि पुस्तक उघडून बसल्या. त्या दिवशी आठ वाजेपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही.

मला त्याच वर्षी पुण्यातच, दुसऱ्या एका संस्थेत, प्रवेश मिळाला. माझी भूमिती ताईंनी पक्की करून घेतली होती. स्टेशनवर त्या पोचवायला आल्या, डबा दिला. पुढच्या वर्षी फॉर्म निघाले तसा मी फोन केला. "ताई, भरू ना?" "या वर्षी राहू दे," त्या म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही राहू दे म्हणाल्या. मग एकदा वाचनालयाच्या शिपायाकडून कळलं की त्यांनी अभ्यासिकेचं सभासदत्वच सोडलं. तेव्हा मला समजलं मी काय केलं होतं ते. बावीस वर्षं त्या परीक्षेने त्यांना प्रश्न विचारले होते. नको आहात, असं एकदाही म्हटलं नव्हतं. ते म्हणण्याची सोय मी करून दिली होती.

गेल्या ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे गेले. मारुती मंदिराच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचा ब्लॉक आहे. आदल्या दिवशी फोन केला होता, म्हणून त्यांनी सुरमई आणली होती, सोलकढी केली होती. केस बरेच पांढरे झालेत. टीव्हीवर कसलीतरी मालिका आवाज बंद करून चालू होती. मी पानावर बसले आणि घास घेण्याआधीच बोलून टाकलं, "ताई, तो फॉर्म मी तसा भरायला नको होता. माझं चुकलं."

त्यांचा वाढता हात थांबला. "हे सांगायला आलीस पुण्याहून?"

"होय."

"मला वाटलं जेवायला आलीस," त्या म्हणाल्या आणि माशाचा मोठा तुकडा माझ्या पानात घातला. मग आपलं पान वाढून घेतलं, भात कालवला आणि भाताकडेच बघत म्हणाल्या, "माणसं चांगली होती गो. बसा म्हणाले, चहा विचारला. एक जण तर निघताना दारापर्यंत आला. त्यामुळे मला उगाच वाटलं, बोलावतील."

त्यांनी सोलकढीचा पेला माझ्याकडे सरकवला आणि पुण्यात पाऊस किती झाला ते विचारलं. मी सांगितलं. माझ्या ऑफिसात किती जण आहेत, मी जेवते कधी, एकटी राहते का, हे सगळं त्यांनी विचारलं. मी एकेक सांगत गेले.

माझी गाडी अडीचची होती. दोन वाजता त्या पिशवीत माझ्यासाठी कोकमं भरायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "ताई, मी आज राहू का?" त्यांनी पिशवी तशीच खुंटीला अडकवली. आत गेल्या, आणि भर दुपारी दोन वाजता मला स्वयंपाकघरातून डब्यातले तांदूळ मापट्याने काढल्याचा आवाज आला.