एकतीस तारखेचं फाटक

नळाच्या तोट्या बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात कॉम्प्युटरवाल्याला सगळे 'झालंच' म्हणत. काहीही सांगा, हा मान वर न करता म्हणणार, "झालंच समजा." मग ते व्हायचं तेव्हा व्हायचं.

एकदा साहेबांनी त्याला जरा नाजूक काम सांगितलं. स्टोअरवाले काका गेल्या डिसेंबरअखेर निवृत्त झाले होते. भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आणि दुसऱ्या दिवशी काका डबा घेऊन हजर! तेव्हापासून रोज. नव्या स्टोअरकीपरशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि त्याच्या प्रत्येक कामात नाक खुपसायचे. 'येऊ नका' असं तोंडावर सांगायची साहेबांची काही छाती होईना.

"निवृत्तीची तारीख उलटली की फाटकावर कार्डच चालू नये, असं करता येईल का?" त्यांनी विचारलं. म्हणजे वाईटपणा परस्पर यंत्राच्या माथी.

"झालंच समजा."

झालंचने चार ओळींची स्क्रिप्ट खरडली. तारखा दिवस, महिना, वर्ष अशा लिहिलेल्या होत्या. त्या त्याने त्या-त्या दिवसाच्या तारखेशी नुसती अक्षरं म्हणून ताडून बघायला सांगितल्या. यंत्र पडलं सांगकाम्या. ते डावीकडून एकेक अक्षर बघणार आणि पहिला फरक दिसला की निकाल देऊन मोकळं होणार. कुणाची निवृत्तीची तीस जून वीस वर्षांनी येणार असो, आजच्या एकतीसपुढे तीस लहान, म्हणजे ती उलटली. वर्षापर्यंत जायचे कष्ट घेतो कोण?

आणि स्क्रिप्ट पहिल्यांदा चालली नेमकी एकतीस ऑक्टोबरला सकाळी. फाटकाने सगळा कारखाना निवृत्त करून टाकला. परवा कामाला लागलेला फिटर निवृत्त, नवा स्टोअरकीपर निवृत्त, खुद्द साहेब निवृत्त. स्वतः झालंचचं कार्डही लाल. हाताने उघडायचा खटका साहेबांनीच काढायला लावला होता. वॉचमन एजन्सीचा, त्याला कार्डाची भानगडच नव्हती. तो खुर्ची टाकून म्हणाला, "निवृत्त माणसांचं ऐकायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय साहेब."

साहेब झालंचकडे वळले. "दुपारी माल न्यायला गाडी येतेय. तोवर फाटक उघडलं नाही, तर तुम्ही खरोखरच घरी बसा."

चूक कुठे आहे ते झालंचला कळलं होतं, पण कॉम्प्युटर आत आणि तो बाहेर.

तेवढ्यात काका आले. "सगळे उन्हात का उभे?" म्हणत त्यांनी कार्ड टेकवलं. दिवस एकतीस, महिना डिसेंबर, ऑक्टोबरपेक्षा मोठा. वर्ष गेलं खड्ड्यात. दिवा हिरवा झाला आणि काका आत गेले. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ते एकटेच नोकरीत उरले!

मग झालंच रस्त्याकडच्या खिडकीचे गज धरून उभा राहिला आणि काका आत एका बोटाने कीबोर्ड दाबू लागले. "वर्ष आधी घ्या काका. मग महिना, मग दिवस. दोन्ही तारखांना तसंच."

काकांचं बोट थांबलं. "पण हे केलंयस कशासाठी?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण काका चष्म्यावरून बघत होते. "तुमच्यासाठी," झालंच म्हणाला. "तुम्ही येऊ नये म्हणून. हे दुरुस्त झालं की तुमचं कार्ड बंद पडेल."

बाहेर साहेब एकाएकी बुटाची नाडी बांधायला वाकले. काकांना फार लागलं होतं, ते दिसतच होतं. "मग तोंडाने सांगायचं ना," एवढंच म्हणाले आणि सावकाश वर्ष, महिना, दिवस लिहून मोकळे झाले.

फाटक हिरवं झालं. माणसं गुपचूप आत गेली. काका डबा उचलून बाहेर निघाले, कार्ड टेकवलं, तर दिवा लाल. आत यायलाही कार्ड आणि बाहेर पडायलाही कार्ड. आणि काका आता पक्के निवृत्त.

"हे मला सोडत नाही रे," काका म्हणाले.

साहेबांनी झालंचकडे पाहिलं. बाहेर जाताना तारीख बघू नये, एवढी एक ओळ बदलायची, मिनिटाचं काम.

"हे काही लगेच व्हायचं नाही, साहेब," झालंच मान वर करून म्हणाला. "दिवस लागतील."

साहेब खाली बघत म्हणाले, "मग बसा काका तोवर स्टोअरमध्ये."

नव्या स्टोअरकीपरने स्वतःच स्टूल पुसून ठेवलं.