अलीच्या हातची डाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वैशालीला, म्हणजे बायकोलाही नाही — आणि तिला मी काय काय सांगतो! भाजीवाल्याशी घातलेली हुज्जतसुद्धा तिखटमीठ लावून ऐकवतो. पण हे घशाशी आलं की गिळायचं, असंच चालत आलंय. आज तुम्ही समोर बसलाय असं धरून बोलतो. मध्येच अडखळेन, सांभाळून घ्या.

दोन हजार सालानंतरची सात वर्षं मी सौदीत, खमीस मुशैतला टर्नर होतो. वर्कशॉप नासेरचं, तोच माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो मालक. पण माझा खरा माणूस म्हणजे त्याचे वडील, अबू नासेर. सत्तरीचा ताठ म्हातारा. मला 'या मुहंदिस' म्हणून हाक मारायचे — म्हणजे इंजिनिअर! मी कसला इंजिनिअर, चिपळूणकडचा आयटीआय झालेला गडी. पण ती हाक ऐकली की छाती फुगायची, खोटं कशाला बोलू?

डोंगरउतारावर त्यांचं शेत होतं. मक्यावर माकडांच्या टोळ्या उतरायच्या, आणि म्हातारबा आपली जुनी, परवान्याची रायफल काढून त्यांना हुसकायचे. गोळ्या घरीच करायचे. शिसं वितळवून साच्यात ओतायचं, मग एकेक गोळी पोलादी नळीतून दाबून काढायची, म्हणजे सगळ्या एका मापाच्या होतात. त्या नळीला डाय म्हणतात. अंगठ्याएवढी वस्तू. पण ती त्यांच्या धाकट्या भावानं, अलीनं, स्वतः लेथवर केलेली होती. अली ऐन तारुण्यात घाटात गाडी कोसळून गेला. बायको तेव्हा पोटुशी होती. त्याच्या हातचं म्हणून घरात एवढंच उरलेलं. डायवर त्यानं पंचनं आपल्या नावाचं पहिलं अक्षर ठोकलं होतं, जरा तिरकं.

रायफलची नळी झिजली होती, गोळी सैल बसायची, नेम लागेना. अबू नासेर माझ्याकडे आले. "डाय केसभर मोठी कर," म्हणाले. "केसभरच हं." ज्या विश्वासानं त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली ना — अहो, सख्ख्या भावानं ठेवली नसती.

शुक्रवारी खोलीवर बसलो. लाकडी दांडीला एमरी पेपर गुंडाळला, दांडी ड्रिलमध्ये अडकवली, तेल सोडलं. रीत साधी आहे — थोडं घासायचं, पुसायचं, गार होऊ द्यायचं, शिशाचा तुकडा दाबून काढायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. मग पुन्हा थोडं. दोनदा केलं मी तसं. तिसऱ्यांदा कंटाळलो. मापायचं काय त्यात, माझ्या बोटाला कळतं! अशी मिजास होती माझी. आणखी घासलं. मग गोळी वर ठेवली — दाबावीसुद्धा लागली नाही. खळ्‌कन खाली पडली.

काढलेलं पोलाद परत लावता येतं का? नाही येत.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढचे चार दिवस वर्कशॉपमध्ये सगळे नमाजाला गेले की मी लेथवर असायचो. नवी डाय केली. बरोबर मापाची केली, कारण या खेपेला प्रत्येक वेळी मापलं. तेलात बुडवून शेगडीवर तापवली, जुनी दिसावी म्हणून. आणि मग — मग ते अक्षर ठोकलं. तिरकं. मेलेल्या माणसाची खूण मी त्याच्यासारखीच गिरवली. लाज कशी वाटली नाही मला?

म्हातारबांचा नेम लागला. काय आनंद झाला त्यांना! त्यांनी नासेरला बसवून सांगितलं, या मुलाच्या इकाम्यावरचा, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावरचा, हुद्दा बदल, त्याची बायको इकडे येऊ दे. फिटर-टर्नरला बायकोचा व्हिसा कुठला मिळायला? मला मिळाला. वैशाली आली. आमची मुलगी तिथेच झाली. अबू नासेरची बायको दोन दिवस हॉस्पिटलात वैशालीच्या उशाशी बसून होती — एकीला अरबी, दुसरीला मराठी, तरी दोघींचं सगळं चाललं होतं. दर हिवाळ्यात मधाचा डबा यायचा. त्या घरानं आम्हाला जे दिलं ते सात जन्मांत फिटायचं नाही. आजही जेवताना त्यांची आठवण येते आणि मन भरून येतं.

इथपर्यंत कुणीही म्हणेल, चूक झाली, निस्तरलीस. पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

एकदा आम्हाला त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. जेद्द्याहून सालेम आला होता. अलीचा मुलगा, आजोळी वाढलेला, आता पस्तिशीचा. बापाला त्यानं पाहिलेलंच नाही. जेवणं झाल्यावर अबू नासेरनी फडक्यातून डाय काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "तुझ्या बापाच्या हातची आहे. आता तू ठेव." सालेमनं त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. मग डाय डोळ्यांना लावली आणि एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडला. म्हातारबांनी माझ्याकडे बोट केलं — "यानं ती सांभाळून दुरुस्त केली." सालेम उठला. माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं.

खरी डाय तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात होती, दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात. गाडीनं दहा मिनिटं. त्याला काय गोळ्या काढायच्या होत्या? त्याला बापाच्या हाताची वस्तू हवी होती — बिघडलेली चालली असती. धावली असती! मी उठून आणायला हवी होती. मी चहाचा पेला उचलला.

इकामा जाईल, आम्हा तिघांना परत पाठवतील, ही भीती होती का? होती. पण अबू नासेर तसे नव्हते, हे मला त्या बैठकीतही पक्कं ठाऊक होतं. मला माझ्या हाताचं नाव राखायचं होतं, बस्स.

ते आता नाहीत. खरी डाय इथे चिपळूणला माझ्या कपाटात आहे. सालेमचा नंबर आहे, मी कधी लावलेला नाही. एव्हाना त्यानं ती आपल्या पोरांना दाखवली असेल. ही तुमच्या आजोबांच्या हातची, असं सांगितलं असेल.

ती माझ्या हातची आहे.