पापडाच्या पिठाचा जोड

आमच्या माजघरात आढ्याखाली हातभर अंतरावरून मिलचा एक लोखंडी पाइप या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला आहे आणि त्याच्या तोंडातून आजवर पाण्याचा थेंब आलेला नाही. जे काही आलं ते त्याच्या जोडातून आलं, एकदाच आलं आणि शुक्रवार पेठेतल्या निम्म्या बायकांच्या अंगावर आलं.

हे काम माझ्या हातचं. मी तेव्हा मिलच्या स्टोअरात कारकून होतो. पाइप, बोल्ट, वायसर खात्याखात्यांना देता देता मला असं वाटायला लागलं होतं, की यंत्रविद्या आपल्याला येते. (हलवायाच्या दुकानावरून रोज गेलं की जिलबी करता येते, असं समजणारा माणूस विरळाच. पण असतो.)

पाइपाचं कारण होती माझी आत्या. माझी आई मी पाळण्यात असताना गेली आणि आत्यानं मला वाढवलं. जेवण, शाळा, मुंज, लग्न, सगळं तिनं केलं. आमच्या घरात मी होतो, माझी बायको इंदू होती, पण घर होतं ते आत्यामुळे. आणि आत्याचं सोवळं असं कडक, की गल्लीत नळ आला तेव्हा सगळी पेठ नाचली आणि आत्यानं एकच प्रश्न विचारला.

"त्या तोटीच्या आत काय असतं रे वसू?"

"वायसर असतो."

"कशाचा?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "चामड्याचा," मी म्हणालो, आणि नळ आमच्यापुरता कायमचा बंद झाला.

तेव्हा आत्या पाणी आणायची ते अंगणातल्या विहिरीचं, स्वतः ओढून, ओलेत्यानं. अंगण पुढे, स्वयंपाकघर मागे, मध्ये सोपा आणि माजघर. त्या वर्षी तिचे गुडघे बोलायला लागले. इंदूला दिवस गेलेले, त्यामुळे तिला रहाटाला हात लावायची बंदी. मी पाणी भरावं असं इंदूनं सुचवून पाहिलं, तर आत्या उखडली.

"मिलमधल्या कारकुनानं ओलं धोतर नेसून कळशी घेऊन फिरायचं? पेठेतले लोक काय म्हणतील?"

मलाही लोक काय म्हणतील याची आत्याइतकीच काळजी होती, म्हणून मी तो विषय तिथंच सोडला.

मग एक दिवस आत्यानं चार सोलापुरी चादरी, दोन पंचे आणि तिची ताम्हन-पळी घालून वळकटी बांधली आणि जाहीर केलं, "चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं की मी मोडनिंबला जाते. धाकट्या दिरांच्या विहिरीचा काठ स्वयंपाकघराच्या दाराला लागून आहे. तिथंच राहीन आता."

इंदू रडली. मी रडलो नाही, पण त्या दिवशी मिलमध्ये मागितले बोल्ट आणि दिल्या कंदिलाच्या चिमण्या, असं दोनदा झालं. आत्या नसलेलं घर मला डोळ्यांपुढे आणताच येईना. संध्याकाळी घरी येताना मला सुचलं, की आत्याला विहिरीपर्यंत जाता येत नसेल तर विहीर आत्यापर्यंत आणावी.

मिलच्या भंगारात पाइप होते. साहेबांना विचारून तीन आणले. पाइपाला पाइप जोडायचा म्हणजे दोघांची तोंडं समोरासमोर भिडवायची, सांध्यावर चामड्याची पट्टी गुंडाळायची आणि वरून क्लँप बसवायचा. क्लँप म्हणजे लोखंडाच्या दोन अर्ध्या बांगड्या. त्या समोरासमोर ठेवून दोन्हीकडचे बोल्ट आवळले की काम झालं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. हाताला सवय असावी म्हणून मिलमधला बापू फिटर बरोबर घेतला. बापू सांगोल्याकडचा, घरी मेंढरं, अंगानं दांडगा आणि स्वभावानं असा उत्साही, की काम बिघडलं तरी त्याचा आनंद कमी व्हायचा नाही.

आत्यानं अट घातली, की पाइपाला कुणाचा हात, पदर, टोपी लागता कामा नये. म्हणजे सोवळ्याच्या वलणीसारखा तो डोक्यावरून गेला पाहिजे. पाइप उंच म्हटल्यावर टाकी त्याहून उंच हवी. म्हणून न्हाणीघराच्या माळवदावर पत्र्याची टाकी चढवली आणि शिडी लावली.

इंदू हे सगळं दारात उभी राहून बघत होती.

"अहो, म्हणजे विहिरीतून पाणी काढायचं, शिडीनं माळवदावर न्यायचं, टाकीत ओतायचं, आणि तिथून पाइपानं स्वयंपाकघरात आणायचं?"

"हो."

"वर कोण नेणार?"

"मी. पहाटे. अंधारात कोण बघतंय?"

"मग पहाटे सरळ स्वयंपाकघरातच आणलंत तर?"

"तुला यंत्रातलं कळत नाही," मी म्हणालो. आजही इंदू हे वाक्य पाहुण्यांना म्हणून दाखवते. आवाजही काढते.

आता प्रश्न जोडाचा. चामडं तर बाद.

"रबर घालू," मी म्हणालो.

"रबर कशाचं करतात?" आत्या.

"झाडाच्या चिकाचं."

"कुठल्या झाडाच्या?"

ते मला माहीत नव्हतं. ज्याचं नाव गाव माहीत नाही अशा झाडाचा चीक आत्याच्या पाण्यात जाणं शक्य नव्हतं. रबर बाद. मग मी काथ्या काढला. काथ्या नारळाचा, त्याला हरकत नव्हती. पण आत्यानं तो बोटांनी चोळून पाहिला.

"याला बुळबुळीत काय लावलंय?"

"ग्रीस हाय आत्याबाई," बापूनं मोकळ्या मनानं सांगितलं. "चरबीच असती की ती."

काथ्या बाद. बापूला बाहेर नेऊन समजावलं, की विचारलं तेवढंच बोल. तो म्हणाला, "भाऊसाब, बकऱ्याचं आतडं लई झाक बसतं जोडाला. आनू का घरनं?" मी त्याला आणखी थोडं बाहेर नेलं.

शेवटी उपाय आत्यानंच काढला. चैत्राचे दिवस, पापडांचा हंगाम. उडदाचं पीठ तिंबून, तेलाचा हात लावून, मुसळानं कुटून ठेवलेलं होतं. आत्यानं त्यातला एक गोळा ताणून दाखवला. हातभर ताणला तरी तुटेना.

"याच्यापेक्षा चिवट काही आहे का तुमच्या मिलमध्ये?"

मी आणि बापूनं एकमेकांकडे पाहिलं. खरंच नव्हतं. शिवाय उडीद चुन्यात घालून जुने लोक भिंती बांधत, हे मी कुठंसं ऐकलं होतं. आत्यानं आपल्या जुन्या मुकट्याची रेशमी चिंधी फाडली, तीवर पापडाचं पीठ थापलं, आम्ही ती दोन्ही सांध्यांवर गुंडाळली आणि वरून क्लँप आवळले. आवळताना दोन बोटं पीठ कडेनं बाहेर आलं. जेवढं बाहेर आलं तेवढंच आतही गेलं असेल, हा विचार आम्हा तिघांपैकी कुणालाही शिवला नाही. (सोवळ्याच्या घरात विचारही जपून शिवतात.)

"एकदा पानी सोडून बघू या," बापू म्हणाला.

"नाही," आत्या म्हणाली. "पहिलं पाणी गौरीला. चाचणी म्हणून सांडायचं नाही."

टाकीला तोटी नव्हती, कारण तोटीत वायसर. तिच्या तळाच्या भोकाला लाकडाचा दट्ट्या बसवला आणि त्याला सुंभ बांधून त्याचं टोक वर काढलं. सुंभ ओढला की पाणी सुटणार. परत कसं बंद करायचं, हे मी नंतर ठरवणार होतो.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. माजघरात इंदूनं गौरीची आरास अशी मांडली होती, की बघत राहावं. पायऱ्या, त्यांवर करंज्या, लाडू, मातीची खेळणी, कापून फुलं केलेलं कलिंगड, आणि सगळ्यात वर पितळी झोपाळ्यात गौर. आणि गौरीच्या बरोबर डोक्यावर आमचा दुसरा जोड. उन्हं कलली तशा बायका आल्या. घरमालकीण राधाकाकू सगळ्यांत पुढे बसल्या. हिरवं इरकली लुगडं, नाकात नथ, हातात अत्तरदाणी. आत स्वयंपाकघरात आत्या पाइपाच्या तोंडाखाली पातेलं मांडून, कैरीचा गर आणि गूळ कालवून, पन्ह्यासाठी पाण्याची वाट बघत बसली. टाकी मी पहाटेच भरली होती. बापू माळवदावर.

"सोड," मी अंगणातून ओरडलो.

"सोडलं हो," वरून बापू.

स्वयंपाकघरात शांतता.

"वसू, पाणी?" आत्या.

"येतंय."

आलं नाही. मी बायकांच्या मधून, "जरा, जरा हं," करत माजघरात शिरलो. हळदीकुंकवात पुरुष आला म्हणून कुजबुज झाली. स्टुलावर चढून जोड पाहिला. सगळं कोरडं ठणठणीत. तेव्हा मी क्लँप आणखी आवळला.

"पाणी गळत नाहीय, मग आवळताय कशाला?" इंदू हळूच म्हणाली. "पीठ आत शिरून बसलं असेल."

"फुंकून बघू का या टोकानं?" मी आत्याला विचारलं.

"फुंकून? सगळा पाइप उष्टा करतोस?"

"भाता आनू का लोहाराचा?" वरून बापू.

"भाता कशाचा असतो?" आतून आत्या.

मी बापूला ओरडून गप्प केलं आणि बोल्ट आणखी एक फेरा फिरवला. तेवढ्यात बोल्टाच्या आट्यांनी हात टेकले. कट्ट असा आवाज झाला, क्लँपची अर्धी बांगडी लाडवांत पडली, दोन पाइपांनी एकमेकांची संगत सोडली, आणि पहाटेपासून शिडीवरून चढउतार करून भरलेली माझी अख्खी टाकी गौरीच्या डोक्यावर मोकळी झाली.

पहिल्यांदा पीठ सुटलं. ते थेट राधाकाकूंच्या कपाळावर, कुंकवाच्या वर बसलं. मागून पाणी. गौर झोपाळ्यासकट वाहून कलिंगडात आली. करंज्या तरंगायला लागल्या. बायका उठायच्या तर पुढच्या मागच्यांवर, मागच्या दारावर.

"बापू, बंद कर," मी स्टुलावरून ओरडलो. दट्ट्या वर काढलेला, बंद करायला टाकीत हात घालायला हवा. आणि बापूला आत्याची ताकीद होती, की टाकीत कुणी हात घालायचा नाही.

"आत हात घालू का न्हाय, ते आत्याबाईला इचारा," बापू वरून म्हणाला.

गलक्यात आत्यापर्यंत आवाज पोचेना, तेव्हा सोप्यातल्या बायकांनी माजघरात विचारलं, माजघरातून राधाकाकूंनी, कपाळावरच्या पिठासकट, स्वयंपाकघरात विचारलं.

"त्यानं आंघोळ कधी केलीय?" आत्या.

प्रश्न त्याच वाटेनं माळवदावर गेला. उत्तर आलं, "सकाळच्याला."

"त्यानंतर कशाकशाला शिवलाय?"

बापू प्रामाणिक माणूस. आठवून आठवून सांगत होता. सायकल. बिडी. मिलचं इंजन. वाटेत एक म्हस आडवी आली ती. पायताण.

"मग नको," आत्यानं निकाल दिला आणि काय चाललंय ते बघायला ती दारात आली. तिनं माजघर पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "अगं बाई, घाल म्हणावं हात!"

"आता काय उपेग न्हाय," वरून बापू आनंदानं म्हणाला. "टाकी मोकळी झाली की."

पाणी तेवढं ठिबकत होतं. मी स्टुलावर पाना धरून उभा, धोतर पोटऱ्यांना चिकटलेलं, आणि समोर पेठेतल्या पंचवीसेक बायका माझ्याकडे बघताहेत. आत्यानं आधी इंदूकडे पाहिलं.

"तू भिजलीस का गं?"

इंदू दाराशी कोरडी होती, पण तिला बोलता येईना. ती पोट धरून हसत होती. मग राधाकाकूंनी कपाळावरचं पीठ बोटानं काढलं, जिभेला लावलं, नीट चव घेतली आणि म्हणाल्या, "मिरी जरा कमी पडली, आत्याबाई."

आत्या हसली. मी तिला हसताना पाहिलं होतं, पण अशी नाही. भिंतीला टेकून, डोळ्यांना पदर लावून, गुडघे धरून. मग सगळ्याच हसायला लागल्या. सावरल्यावर आत्या म्हणाली, "चला, सगळ्याच ओलेत्या झालात. विहिरीचंच पाणी आहे. या आत, कैरीला हात लावा."

ज्या चुलीपाशी इंदूलाही दबकत जावं लागे, तिथं त्या दिवशी सगळी पेठ घुसली. कुणी गूळ चिरला, कुणी वेलची कुटली. मला कुणीतरी कळशी दिली आणि म्हणालं, "वसूभाऊ, पाणी आणा." मी आणलं. पाचसहा खेपा केल्या, भरदिवसा, सगळ्यांच्या देखत. लोक काय म्हणतील याची काळजी उरली नव्हती, कारण लोक ते म्हणतच होते.

निघताना ओल्या लुगड्यांनी पेठेतून जायचं कसं, असं बायकांना झालं. आत्यानं कोपऱ्यातली वळकटी ओढली, दोरी सोडली आणि चारही चादरी सगळ्यांत जास्त भिजलेल्यांना एकेक करून वाटल्या. राधाकाकू आपली चादर लपेटून दारात थांबल्या.

"मोडनिंबला कधी निघणार म्हणालात?"

"चादरी परत आल्या की," आत्या म्हणाली.

तीन चादरी आठवडाभरात आल्या. राधाकाकूंची अजून वाळते आहे.

पाइप आम्ही उतरवला नाही. तुटलेल्या जोडाला बापूनं नवा क्लँप आणि अस्सल चामडं घालून असा पक्का केला, की आता त्यावर आत्याचं सोवळं वाळत पडतं. (चामडं कुठं आहे ते आत्यानं विचारलेलं नाही, आणि बापूला मी घराबाहेरच भेटतो.) आलागेला माणूस वर बघून विचारतो, हे काय? तेव्हा आत्या मोठ्या अभिमानानं सांगते, "आमच्या वसूनं विहिरीपासून चुलीपर्यंत पाण्याची कायमची सोय केलीय."

ते अगदी खरं आहे. ती सोय रोज पहाटे उठते, ओलं धोतर नेसते आणि दोन्ही हातांत कळश्या घेऊन कुडकुडत माजघरातून जाते.