अकरा नंबरची बास्केट

"अरे, मॉप तू घे. तुमच्या लोकांना सवय असते, लाज नाही वाटत."

काका हे हसत हसत म्हणाले. सगळ्यांसमोर. टेक्सासमधल्या प्लेनोच्या त्या जिममध्ये बास्केटबॉलची स्पर्धा होती, आम्ही मराठी व्हॉलंटियर्स होतो आणि काका आमचे प्रमुख. ऑफिसातही ते माझे डायरेक्टर. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद त्यांच्या सहीशिवाय हलत नाहीत. म्हणून मीही हसलो. हसलो, हे आधीच सांगून टाकतो.

महिन्यापूर्वी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. आधी आडनाव विचारलं. मग गाव. मग, "नागपुरात नेमके कुठले?" वस्तीचं नाव सांगितलं आणि काकू वाढता वाढता थांबल्या.

मी कॉलेजात बास्केटबॉल खेळलोय. स्कोअरशीट लिहायची परीक्षा पास झालोय. काकांना हे ठाऊक होतं. तरी स्कोअरशीट मिळाली त्यांच्या पुतण्याला. रिबाउंड कशाशी खातात ते त्याला माहीत नाही.

मॅच होती एका चिमुकल्या बेटाच्या देशाची. म्हणायला नॅशनल टीम. पण कोणी शाळामास्तर, कोणी मासे धरणारा. अकरा नंबरवाला आग विझवणारा, बिनपगारी रजा काढून आलेला. समोरचे ताडमाड. हे पोरगे पडायचे, घाम सांडायचा, मी धावत जाऊन पुसायचो. मार खात होते बिचारे, पण पळायचं थांबत नव्हते.

शेवटच्या क्वार्टरला अकरा नंबरनं दोन उंच गड्यांमधून वाट काढली आणि बास्केट टाकली. माझ्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं. पुतण्या मोबाइलमध्ये. मान वर केली आणि त्यानं ती त्याच टीमच्या सात नंबरच्या नावावर लिहिली. मी चार फुटांवर होतो. मला दिसलं.

"अरे, ती अकराची आहे."

काका पुढे झाले. "टीमचे पॉइंट्स बरोबर आहेत ना? मग कोणी टाकली यानं काय फरक पडतो, यार? तू फ्लोअर बघ."

मी फ्लोअर बघितला.

मॅच संपली. टीम मोठ्या फरकानं हरली. अकरा नंबरवाला टेबलापाशी आला, शीटवर बोट फिरवत स्वतःची ओळ शोधली. ओळ कोरी. तो माझ्याकडे वळला.

"सर, तुम्ही इथेच होतात. ती मीच टाकली ना? घरी आई माझं नाव शोधेल."

काका माझ्या मागेच उभे होते.

"मी फरशी पुसत होतो," मी म्हणालो. "बघितलं नाही."

"ओके, सर." खाली मान घालून तो गेला.

सर! दिवसभरात मला सर म्हणणारा तो एकटाच. आणि त्याच्याच तोंडावर मी खोटं बोललो. सहावीत माझा निबंध बाईंनी दुसऱ्याच मुलाच्या नावानं वाचून दाखवला होता. अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. कोणी ब्र काढला नाही. त्या वर्गाचा राग मी इतकी वर्षं सांभाळला, आणि आज मीच तो वर्ग झालो. थू माझ्या जिनगानीवर.

मॉप टाकून रेफरीकडे धावलो. सगळं सांगितलं. त्यानं शीट दाखवली. सही झाली होती. सही झाली की शीट बंद, म्हणाला. हात जोडले, पायच धरायचे बाकी होते. काही उपयोग झाला नाही. बास्केट सात नंबरच्या नावावरच राहिली. बाहेर आलो तोवर टीमची बस सुटली होती.

तिथेच कोऱ्या कागदावर लिहिलं: बास्केट अकरा नंबरची, मी पाहिली, मी खोटं बोललो. खाली पूर्ण नाव घातलं. या देशात आल्यापासून गाळत आलेल्या आडनावासकट. दोन प्रती. एक स्पर्धेच्या ऑफिसात दिली, एक काकांच्या हातात.

त्यांनी वाचलं. "ग्रीन कार्ड हवंय ना तुला?"

"हवंय. म्हणूनच आजवर गप्प होतो."

"उद्या मॉपला ये वेळेवर."

"येईन. मॉपला नाही. शीटवर नजर ठेवायला येईन. चुकीचं नाव पडलं की तिथल्या तिथे ओरडेन. तुम्ही काय करायचं ते करा."