चिंचेनं घासलेली बिट

अक्षता टाकायच्या हातात व्हर्नियर कॅलिपर धरून मांडवात उभा राहिलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो मला मामेसासरा म्हणून मिळाला. लग्न माझंच होतं. मंगलाष्टकं सुरू असताना लाउडस्पीकर करकरत होता आणि मामाजींना त्याच्या पिनेची जाडी तिथल्या तिथे मोजायची होती. केसाएवढा फरक दाखवणारं ते मोजमापाचं हत्यार त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतंच. त्यांनी भाकरीची जाडी मोजलेली आहे, अंगणातल्या लिंबांची मोजलेली आहे, आणि एकदा दवाखान्यात डॉक्टर सुई टोचायला आले तेव्हा आधी सुईची मोजली. अकोल्यात त्यांनी सारी उमर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात घालवली. आता दुकान नाही, पण घरातली पुढची खोली म्हणजे दुकानच आहे, फक्त पाटी काढलेली.

त्या खोलीच्या मधोमध त्यांचं सोल्डरिंग स्टेशन असतं. म्हणजे एक पेटी, तिच्यावर उष्णता कमी-जास्त करायचं बटण, आणि वायरीला जोडलेला दांडा. दांड्याच्या टोकाला पोकळ टोपणासारखी एक बिट बसते. ती तापली की कथील वितळतं आणि तुटलेली तार जोडली जाते. हे स्टेशन वीस-बावीस वर्षांचं आहे. त्याला घरात कोणी हात लावत नाही, पाहुण्यांची पोरं त्या खोलीत गेली तर मामाजी स्वतः त्यांना बोट धरून बाहेर आणतात आणि वर एकेक पेढा देतात. बिट पुसायची ती फक्त ओल्या स्पंजानं, हा त्यांचा धर्म. कोणी तिला कानस किंवा पॉलिशपेपर लावला असं कळलं, तर त्या माणसाशी ते आठ-आठ दिवस बोलत नसत. बिटेवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो, तो खरवडला की आतलं तांबं कथिलात विरघळत जातं आणि महिन्याभरात बिट संपते. हे व्याख्यान मी किमान वीस वेळा ऐकलं आहे, एकदा तर स्मशानात.

अशा माणसाची बिट तीन वर्षांपूर्वी कामातून गेली. आणि नेमक्या त्याच सुमारास मामीजींच्या कानाच्या मशीनमधली तार तुटली. मामीजींना त्या मशीनशिवाय ऐकू येत नाही. मशीन बाहेर दुरुस्तीला द्यायला मामाजी तयार नव्हते. त्यांची पुण्याची लेक नवं कोरं स्टेशन पाठवते म्हणाली, तेही नको. मला वाटलं, हट्ट. मग त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटं बारीक थरथरत होती.

"हात आता असा झाला, जवाई," ते म्हणाले. "या दांड्याले तो मालूम हाय. नव्या दांड्यानं मी इतकी बारीक तार नाई जोडू शकत."

त्यानंतर मी अमरावतीत आणि ते अकोल्यात, असे आम्ही बिट शोधत फिरलो. ते चुन्याच्या डबीत जुनी बिट घेऊन दुकानोदुकानी जात. ही बनायची बंद झाली, असं प्रत्येक दुकानदार सांगे. मी मोबाइलवर फोटो जुळवून दोन मागवल्या. एक दांड्यावर चढेना, दुसरी इतकी सैल की दांडा खाली झुकवला की पडे. मामाजींनी दोन्ही मोजून बाजूला ठेवल्या. फोटोवर जायचं नसतं, भोक मोजायचं असतं, असं त्यांनी मला समजावलं. भाचीसाठी तुमचा फोटो आला तेव्हाही मी आधी उंची मोजा म्हणत होतो, हेही शांतपणे सांगितलं. माझी बायको यावर अजूनही हसते.

एका रविवारी मी अकोल्याला गेलो असताना विचारलं, की इतकी जपलेली बिट अशी अचानक गेली कशी? मामीजी समोरच वांगी चिरत बसल्या होत्या. मशीन टेबलावर बंद पडलेलं होतं, तेव्हा मामाजी मोकळ्या आवाजात बोलले. महालक्ष्म्यांच्या सणाआधी मामीजींनी घरातली सगळी पितळेची भांडी चिंच आणि राख लावून घासली होती. त्या भरात त्यांना ही काळीकुट्ट बिट दिसली. तीही त्यांनी तारेच्या घासणीनं लख्ख करून ठेवली आणि कौतुकानं दाखवली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलो, मस्त चमकली. तिले सांगू नोका. मनाले लावून घेईन ते."

कानस लावणाऱ्याशी आठ दिवस न बोलणारा हा माणूस. मला हसू आलं.

शेवटी बिट दर्यापूरला सापडली. तिथल्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडे जुन्या बिटांचा डबा आहे असं कळलं. मी अमरावतीहून गेलो, मामाजी अकोल्याहून जीपमध्ये अख्खं स्टेशन मांडीवर घेऊन आले. त्यांनी डब्यातली एकेक बिट मोजली. मी चहा दोनदा प्यायलो. अखेर भलत्याच कंपनीची एक निघाली: भोक तंतोतंत, लांबी तांदळाच्या दाण्याएवढी जास्त. दांड्यावर चढवली, तापवली, कथील टेकवलं. ते चमकत पसरलं तेव्हा मामाजींनी रेडिओवाल्याला चक्क मिठी मारली. दुसऱ्याच दिवशी मामीजींचं मशीन सुरू झालं. जुनी बिट मात्र मामाजींनी फेकली नाही. स्टेशनशेजारी दांडा टेकवायच्या स्टँडवर ठेवली, मामीजींनी दर महालक्ष्म्यांना घासावी म्हणून.

यंदा महालक्ष्म्यांना मी गेलो तेव्हा मामीजी भांड्यांच्या ढिगात तीच बिट घासत होत्या. आता ती झिजून खिळ्याएवढी झाली आहे. मामाजी पुढच्या खोलीत होते. मामीजी हात न थांबवता हळूच म्हणाल्या, "मशीन नसलं की मी ओठ पायतो, जवाई. त्या दिवशी तुमी दोघं काय बोलले, मले सारं समजलं."

मी म्हणालो, मग अजून का घासता?

"त्यायले वाटते, मले मालूम नाई. वाटू द्या."

त्यांनी बिट धुतली, पदरानं पुसली आणि आत नेऊन दिली. मामाजींनी ती थरथरत्या बोटांनी उजेडात धरली आणि मस्त चमकली म्हणाले. मी दारात उभा राहून ऐकत होतो. ती बिट अजून किती महालक्ष्म्या पुरेल, हे मोजायला मात्र त्यांनी व्हर्नियर काढला नाही.